इंजिनाला ऊब, बाईला नळी

साहेब, तिच्या तोंडाचा वास तुम्ही घेतलात. चारचौघांत तिला दारू तपासायच्या नळीत फुंकायला लावलंत. आकडा शून्य आला. मग पुढे काय केलंत? नळी कचऱ्यात टाकलीत आणि म्हणालात, "जा." बाईचा हात कशाने थरथरतो, एवढं विचारायला तुमची जीभ का झडली? तुम्हाला आई नव्हती? की ती पन्नाशीची कधी झालीच नाही?

हे तुमच्या एकट्याचं नाही. अशी खुर्ची गावोगावी आहे, आणि तिच्यावर बसणारा प्रत्येकजण स्वतःला मोठा न्यायी समजतो.

गोष्ट लॉर्ना ह्रित्साकची. वय एक्कावन्न. कॅनडातल्या सॅस्कॅचेवानच्या सपाटीवर वेलबर्न नावाचं गाव आहे. आसपासच्या शेतांवरून सव्वीस पोरं गोळा करून तिथल्या शाळेत सोडायची, हे काम ती चौदा वर्षं करत होती. बर्फाने रस्ता आणि आभाळ एकाच पांढऱ्या रंगाचे होतात, त्या दिवसांतही तिने बस कधी खड्ड्यात घातली नाही.

सप्टेंबरपासून मात्र तिची पहाट फिरली. साडेचारचा गजर व्हायच्या आधीच ती दचकून उठायची. गाऊन घामाने चिंब. छातीत धडधड, हातापायांना कापरं आणि पोटात भीतीचा गोळा. कसली भीती? कसलीच नाही! तिची स्वतःची पोरं आपापल्या गावी ठणठणीत, नवरा शेजारी घोरतोय, घरात सगळं जागच्या जागी. तरी वाटायचं, कुठेतरी भयंकर काही घडलंय आणि आपल्याला तेवढं कळवायचं राहिलंय. नऊ वाजेपर्यंत सगळं निवायचं. दुपारी कुणाला सांगायला जावं, तर तिचं तिलाच ते खोटं वाटायचं.

नवरा ग्लेन म्हणाला, "अगं, तू उगाच काळजी करतेस."

उगाच! जणू बाई काळजी दुकानातून पिशवी भरून आणत होती. डॉक्टरने चार मिनिटं दिली. पाळी थांबून वर्ष झालं हे ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला, "वयाचं आहे. सकाळी फिरत जा." उणे तिसात फिरत जा!

मग तिने आपला इलाज काढला. उठल्या उठल्या रिकाम्या पोटी तीन कप काळी कॉफी, तीही उभ्याउभ्याच. वर जाड हातमोजे, कापरं कुणाला दिसू नये म्हणून. वाचकहो, इथे ती चुकली, हेही सांगितलं पाहिजे. सव्वीस पोरांचा जीव हातात असताना लपवाछपवी चालत नाही. पण बाई का लपवत होती? बसकंपनीचा नियम होता: वर्षात तीनदा ऐनवेळी रजा घेतली की ठरलेला मार्ग जातो, मग बदलीवर बसायचं, बोलावतील तेव्हा यायचं. तिच्या दोन रजा झाल्या होत्या.

जानेवारीतल्या एका मंगळवारी ते फुटलं. निघण्याआधी बसभोवती फिरून तपासणीचा कागद भरायचा असतो, खाली सही करायची असते. सहीसाठी तिने हातमोजा काढला आणि पेन कागदावर नाचलं. बस उभ्या करायच्या यार्डाचा साहेब केन फ्रीझन तिथेच उभा होता.

"लॉर्ना, काल रात्री बरीच झाली का गं?"

"मी नाताळलासुद्धा पीत नाही, केन. तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक असून काय उपयोग? हात बघ तुझा. चल आत."

कॉफीच्या टेबलाशी चार ड्रायव्हर बसले होते. त्यांतला क्लिफ ओरडला, "जोरात फुंक गं! वाढदिवसाचा केक समज!" सगळे खिदळले.

आकडा शून्य. पण तोवर तिची बस बदलीचा ड्रायव्हर घेऊन गेला होता. लॉर्ना तरातरा मागच्या गॅरेजात गेली. यार्डातली मेकॅनिक ऑलिव्ह तकाचुक, त्रेसष्ट वर्षांची, एका बसखालून सरपटत बाहेर आली.

"रडतेस की शिव्या देतेस?"

"दोन्ही."

"मग आधी शिव्या दे. मोकळं वाटेल."

लॉर्नाने पहिल्यांदाच कुणाला सगळं सांगितलं. घाम, धडधड, ती बिननावाची भीती. ऑलिव्हने हात पुसले.

"सकाळी पोटात काय जातं?"

"कॉफी."

"आणि?"

"आणखी कॉफी."

"अगं बये! या बसना रात्रभर वायर लावून ठेवतो आपण. कशाला? इंजिन ऊबदार राहावं म्हणून. गारठलेल्या इंजिनाला सकाळी एकदम रेस दिली की त्याची वाट लागते. एकदा तू वायर लावायला विसरलीस तर आठवडाभर मी तुझं डोकं खाल्लं होतं! आणि स्वतःला काय करतेस? घामात भिजलेलं, झोप मोडलेलं, रिकामं अंग, आणि त्याला तीन कपांची रेस!"

"म्हणजे मी वेडी नाहीये?"

"वेडी आहेसच. पण त्याचा पाळीशी काही संबंध नाही."

लॉर्ना रडता रडता हसली.

"मला झालं तेव्हा मी दोन वर्षं समजत होते, हृदय बंद पडणार," ऑलिव्ह म्हणाली. "हार्मोन्स घसरतात, झोपेचं खोबरं होतं, आणि पहाटे शरीर जागं करायची जी यंत्रणा असते ती नको तेवढी जोरात वाजते. डॉक्टर बदल. दवाखान्यात औषधं लिहून देणारी नवी नर्स आलीय, तिच्याकडून रक्त तपासून घे. थायरॉइड, साखर, लोह. सगळं पाळीच्या माथी मारू नकोस. हार्मोन्सच्या गोळ्यांचंही तिलाच विचार, मी गाड्या दुरुस्त करते. आणि ज्या दिवशी हात कापेल त्या दिवशी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. लावलास तर किल्ली मी काढून घेईन!"

"आणि मार्ग गेला तर?"

"तर भांड! गप्प बसून काय कमावलंस? चौदा वर्षांचं नाव आज त्या नळीत घालवून आलीस!"

हे वाक्य लागलं. चांगलंच लागलं.

नर्सने अर्धा तास ऐकून घेतलं. लोह कमी निघालं, त्याचं औषध सुरू झालं. हार्मोन्सच्या गोळ्या घ्यायचं फायदा-तोटा समजून, तपासून ठरलं. लॉर्ना आता गजर झाल्यावर ताडकन उठत नसे. पलंगाच्या कडेला बसून पाय जमिनीवर टेकवायचे, श्वास सावकाश सोडायचा. मग पाणी, उकडलेलं अंडं, टोस्ट, आणि त्यानंतर एकच कप कॉफी. धडधड आली की ती म्हणायची, "आलीस? बैस. अर्ध्या तासात जाशील." जादू झाली नाही. आधी दहांतल्या सहा सकाळी धड जात, मग आठ.

फेब्रुवारीत त्या उरलेल्या दोनांपैकी एक उगवली. अंड्याचं कवच सोलवेना. तिने फोन उचलला.

"अगं, तिसरी रजा होईल," ग्लेन म्हणाला. "मार्ग जाईल."

"जाऊ दे. पोरं जाण्यापेक्षा मार्ग गेलेला बरा."

केनने फोन घेतला. "केन, आज मी बस चालवणार नाही. ताप नाही, पोट बिघडलेलं नाही. पाळी थांबल्यानंतरचं कापरं आहे. रजेच्या कागदावर हेच लिही."

"असं... असं कसं लिहू?"

"पेनाने!"

दहा वाजता हात स्थिर झाल्यावर ती यार्डात गेली. कॉफीच्या टेबलाशी तेच चौघे. केन तिथेच कागद चाळत उभा होता.

"नियम नियम असतो, लॉर्ना. तीन झाल्या."

क्लिफने टोपी काढली. "केन, माझी बायको पहाटे चारला स्वयंपाकघरात फेऱ्या मारते. मी तिला भूत म्हणतो." कुणी हसलं नाही. त्याचं त्यालाही हसू आलं नाही.

बायांनो, हे कापरं पाप नाही, नाटक नाही. ते लपवू नका. तपासा, खा, झोपा, बोला. आणि घरातल्या-कचेरीतल्या पुरुषांनो, "वयाचं आहे" म्हटलं की तुमचं काम संपत नाही. तिथून ते सुरू होतं!

केन घसा खाकरत म्हणाला, "वर विचारून बघतो."

"बघू नकोस," लॉर्ना म्हणाली. "खरं सांगणाऱ्या बाईचा मार्ग तू काढून घेतलास, तर उद्या दुसरी बाई गप्प बसेल आणि तशीच बस काढेल. तुझी धाकटी त्याच बसमध्ये असते, केन. पुढून दुसऱ्या बाकावर. बोल, तिच्यासाठी तुला कुठली ड्रायव्हर हवी? वरच्यांना नाही विचारत, तुला विचारतेय. आत्ता सांग!"