चारशे वॉटची ऊब

अकोटला खुशालरावांच्या कारखान्यात कापसातली सरकी काढणाऱ्या जिनांचा मुहूर्त होता. त्या दिवशी पहिला ढीग संपेपर्यंत यंत्र थांबवायचं नाही, हा तिथला कायदा. थांबलं की वर्ष बुडालं! इंजिनावरच्या नत्थुजी मिस्त्रीला हे पाठ होतं. म्हणून तर सकाळी नव्या शेडच्या भिंतीवरची विजेची तार तुटलेली दिसली तेव्हा, भटजी घाई करत असताना, त्यानं कथलाचा डाख न देता नुसता पीळ मारला, वर फडकं गुंडाळलं आणि मोकळा झाला. मग त्याच भिंतीशी गाड्या रिकाम्या झाल्या आणि जोड कापसाखाली गेला.

शाळेत विज्ञान शिकवणारे गोपाळकृष्णपंत पाहुणे म्हणून आले होते. पेढा खाता खाता त्यांची नजर नव्या शेडमधल्या मीटरवर गेली, आणि ते तडक इंजिनघरात आले.

"नत्थुजी, इथे डायनामोवर दोनशे वीस व्होल्ट, तिकडे मोटारीवर दोनशेच. वीस गेले कुठे?"

नत्थुजी फडक्यानं हात पुसू लागला. "तार लांब हाय जी."

"एवढ्या जाड तारेत दोनसुद्धा जायला नकोत. करंट वीस अँपिअर. वीस व्होल्टला वीसनं भागलं, रोध एक ओहम. वीस गुणिले वीस, चारशे वॉट. एवढी उष्णता एका जागी साचतेय. कुठे जोड दिलाय का?"

बोललं तर यंत्र बंद, मुहूर्त मोडला, नोकरी गेली. आणि त्याच ढिगापाशी त्याची बायको रुख्मिणी तान्ह्या पोरीला जवळ घेऊन जिनात कापूस सोडत बसली होती.

"नाही जी," नत्थुजी म्हणाला. मेल्याची जीभ तेव्हाच का झडली नाही!

खुशालराव हसत आत आले. "मास्तर, शाळा सुटली आता! नत्थ्या, उरलेल्या जिनांवरही पट्टे चढवायले सांग. पुरा जोर पायजे!"

"अहो, थांबा!" मास्तर ओरडले. "करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. सोळाशे वॉट!"

"चांगल्या दिवशी असं वंगाळ काहून बोलून राहिले तुमी?"

पट्टे चढले. अँपिअरचा काटा चाळीसकडे सरकला, दिवे पिवळे पडले. नत्थुजी काट्याकडे बघत उभाच राहिला. मग नव्या शेडकडून चिंधी जळाल्याचा वास आला. त्यानं खटका ओढला.

सगळं गप्प झालं. खुशालरावांच्या शिव्या पाठीवर घेत तो नव्या शेडकडे धावत सुटला.

रुख्मिणी दारातच भेटली, पदरानं केसांवरचा कापूस झटकत. "बंद काहून केलं? आता तं कुठं काम रंगलं होतं."

"पोरगी कुठं हाय?"

"सकाळपासून थंडीनं कुडकुडत होती बापा. त्या भिंतीपाशी कापूस लई छान गरम लागून राहिला, म्हणून तिथंच खोल निजवलं."

नत्थुजीनं दोन्ही हातांनी ढीग उपसला. आतला कापूस तांबूस झाला होता. पोर हाताला लागली, तिला ओढून काढलं, आणि उकरलेल्या कापसाला वारं लागताच आतून जाळ उठला. बाया किंचाळत बाहेर पळाल्या.

अंगणात खुशालराव कपाळ बडवत होते. "यंत्र थांबवलं, म्हणून आग लागली! या नत्थ्यानं घात केला!"

"यंत्रामुळे नाही," मास्तर म्हणाले. "तारेला कच्चा जोड आहे. कोणी दिला होता?"

रुख्मिणीनं पोरीचं दुपटं सोडलं. पाठीची कातडी दुपट्याबरोबरच निघून आली. तिनं मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं.

"सांगा ना," ती म्हणाली. "मास्तर इचारून राहिले."