तिसरी पायरी

नीलिमाला आपल्या निबंधातली चूक सापडली ती शनिवारी सकाळी, यशवंतपूरहून सुटलेल्या बसमध्ये. तोवर ती दुरुस्त करायची वेळ निघून गेली होती. निबंधाची एकुलती एक प्रत बुधवारीच कॉलेजातल्या निहारच्या हातात गेली होती आणि सभा साडेअकराला होती.

निबंध विसरण्याबद्दल होता. माणूस काही विसरला तर त्याला दोष द्यावा का, एवढाच प्रश्न. उदाहरण तिनं शेजारच्या इमारतीतल्या पहारेकऱ्याचं घेतलं होतं. तो पंप बंद करायला विसरला आणि टाकी दुपारभर वाहत राहिली. पुढे तिनं तीन पायऱ्या मांडल्या होत्या. पहिली, जे आपल्या हातात असतं त्याचाच दोष लागतो. दुसरी, विसरण्याच्या क्षणी माणसाच्या हातात काहीच नसतं, कारण त्याला आठवतच नसतं. तिसरी, पण त्याआधी खबरदारी घेणं हातात असतं. पंपाशेजारच्या पाटीवर लिहून ठेवता आलं असतं. म्हणजे दोष आहे तो न लिहिण्याचा.

बसमध्ये तिच्या पुढच्या बाईनं पिशवी चाचपली आणि शेजारणीला कन्नडमध्ये म्हणाली, "अय्यो, यादी लिहायचीच विसरले बघ!"

शेजारीण हसली. नीलिमाला हसू आलं नाही. पहारेकरी लिहायलाच विसरला असेल तर? मग दोष त्याच्याही आधीच्या कुठल्यातरी खबरदारीचा. आणि तीही विसरला असेल तर? प्रत्येक विसरण्याखाली आणखी एक विसरणं निघत होतं आणि तळ लागत नव्हता. तिसरी पायरी पोकळ होती, आणि सगळा भार तिच्यावरच होता.

ही चूक एरवी एखाद्या गुणावर भागली असती. पण आजची परीक्षकांसमोरची सभा निवडीची होती. उन्हाळ्यात डोंगरावरच्या एका संस्थेत तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी सहा आठवड्यांचा अभ्यासवर्ग भरायचा. प्रत्येक कॉलेजातून एकाचीच निवड होई, आणि यंदा चुरस नीलिमा आणि निहार या दोघांतच होती. अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, या निवडीला एक अट जोडून टाकली होती. दोन वर्षांपूर्वी तिनं बीएस्सी सोडून बीएला तत्त्वज्ञान घेतलं तेव्हा ते आठवडाभर जेवताना बोलले नव्हते. आता मात्र शांतपणे म्हणाले होते, "जागा मिळाली तर तुझं खरं. शेवटचं वर्ष कर, पुढचंही कर. नाही मिळाली तर कॉलेज बंद. सोमवारी कॉम्प्युटरचा फॉर्म भरायचा. सरी?"

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली होती.

फॉर्म त्यांनी आणूनच ठेवला होता. एका बाजूला छापलेला, दुसरी कोरी. दिवसभराचा वर्ग, दहा महिने.

सभागृहात ती शिरली तेव्हा शेवटच्या बाकावर अण्णा बसलेले होते. कारखान्याचा निळा शर्ट, आणि खिशातून डोकावणारा घडी घातलेला फॉर्म. कारखान्यात ते तपासनीस होते. यंत्रावरून आलेला प्रत्येक तुकडा मापात बसतो का ते बघायचं आणि न बसणारा लाल पेटीत टाकायचा, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम.

"अण्णा? तुम्ही?"

"अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बघू म्हटलं, काय करता तुम्ही लोक. जा, जा. स्वल्प पाणी पी आधी."

सभेची पद्धत तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या हयवदन सरांनी घालून दिलेली होती. विद्यार्थी निबंध वाचतात आणि ऐकणारे झोपतात, असा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव. म्हणून इथे निबंध वाचायचाच नाही. तो आधी फक्त विरोधकाला द्यायचा. सभेत विरोधकानं उभं राहून तुमचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत मांडायचं, जितक्या बळकटपणे मांडता येईल तितक्या बळकटपणे. याला ते पूर्वपक्ष म्हणत. लिहिणाऱ्याला ते पटलं तर त्यानं मान हलवायची, आणि मगच विरोधकाला त्यावर हल्ला करता येई. मान हलली की ते म्हणणं तुमचं झालं. परीक्षक गुण देत ते त्यालाच, निबंधाला नाही. विरोधकाला संधी तीन. तीनदाही मान हलली नाही, तर त्याला गप्प बसावं लागे.

आजच्या परीक्षक भाग्यलक्ष्मी मॅडम म्हैसूरहून आल्या होत्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या. तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्या कुणाकडेच बघत नसत, फक्त कागदावर पेन्सिलीनं बारीक खुणा करत.

आधी निहारचा निबंध झाला. निहार पुण्याचा. वडिलांची बदली झाली म्हणून दोन वर्षांपूर्वी इकडे आलेला आणि कोरमंगलात राहणारा. नीलिमानं त्याचा पूर्वपक्ष मांडला, त्यानं पहिल्याच वेळी मान हलवली, आणि नंतर तिच्या दोन आक्षेपांना त्यानं बरी उत्तरं दिली. बरी, पण उत्तम नव्हे. उघडं होतं की जागा आता तिच्या निबंधावर ठरणार.

निहार उठला. आपण उघडे पडणार ते कुठल्या वाक्याला, याची ती वाट बघत राहिली.

पहिली पायरी त्यानं नीट मांडली. दुसरी तर तिच्यापेक्षाही नीट.

"आता तिसरी. पहारेकऱ्यानं खबरदारी घेतली नाही, हा वरवरचा भाग. मुळात पंप त्याच्या मनात महत्त्वाचा नव्हता. आपण जे जपतो ते विसरत नाही. विसरणं हा आपण काय जपत नाही याचा पुरावा आहे. म्हणून दोष विसरण्याचा नाहीच. दोष आहे न जपण्याचा."

भाग्यलक्ष्मी मॅडमनी पहिल्यांदाच मान वर केली. पेन्सिल थांबली.

नीलिमाला आधी कळलंच नाही काय झालं ते. मग कळलं. विसरण्यांची ती तळ नसलेली साखळी नाहीशी झाली होती. त्यानं पोकळ पायरी काढून तिथं दुसरीच बसवली होती, आणि ती भक्कम दिसत होती. सुंदरही. मान हलवली की ती तिची.

आणि ते सपशेल खोटंही झालं नसतं. चौथ्या पानावर तिनंच लिहिलं होतं, 'आपण जे जपतो ते सहसा विसरत नाही.' कानाला बरं वाटलं म्हणून जाता जाता टाकलेलं वाक्य. त्याचं पुढे काही करावं हे तिला सुचलं नव्हतं. पण ते कुणाला ठाऊक होतं?

"मिस नीलिमा?" हयवदन सर म्हणाले. "हेच तुमचं म्हणणं?"

मान हलवायला कितीसा वेळ लागतो! तिनं मागे पाहिलं. अण्णा पुढे वाकून बसले होते. सभेची इंग्रजी त्यांना कितपत कळत होती कोण जाणे, पण कपाळावर ती आठी होती. हातातला तुकडा मापात बसतोय की नाही ते बघताना पडते ती.

"नाही," ती म्हणाली.

निहारनं भुवया उंचावल्या. त्याला वाटलं आपलंच काही चुकलं. त्यानं पुन्हा मांडलं, आणि या वेळी चौथ्या पानावरचं वाक्यही वाचून दाखवलं. "हे तुझंच आहे ना?"

"वाक्य माझं आहे. त्याचा हा उपयोग माझा नाही. मला तो सुचला नव्हता."



"मग तुमची तिसरी पायरी कोणती?" मॅडमनी विचारलं.

नीलिमानं ती सांगितली. पाटी, लिहून ठेवणं, खबरदारी. आणि त्याच दमात पुढचंही सांगून टाकलं, कारण थांबली असती तर धीर सुटला असता. "ही चालत नाही, मॅडम. तो लिहायलाही विसरू शकतो. ते मला आज सकाळी बसमध्ये कळलं."

मॅडम निहारकडे वळल्या. "तुम्हाला हे दिसलं होतं?"

"हो, मॅडम. म्हणून तर बुजवलं. पूर्वपक्षात खड्डा ठेवायचा नाही ना!"

कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते खोडलं नाही.

निकाल चार वाजता लागला. जागा निहारला.

व्हरांड्यात त्यानं तिला गाठलं. "तू वेडी आहेस का? सिंपल मान हलवायची होती!"

"मग तू हरला असतास."

"अरे हो की!" तो थबकला. त्याच्या हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. "मी आपला आर्ग्युमेंट कसं उभं राहील तेच बघत होतो. शिट. मला कसंतरीच वाटतंय आता."

"वाटू दे थोडा वेळ," ती म्हणाली. "माझा निबंध तेवढा परत दे."

फाइल घ्यायला ती सभागृहात परत गेली. अण्णा स्कूटर काढायला आधीच खाली गेले होते. शेवटच्या बाकावर, ते बसले होते त्याच जागी, फॉर्म पडलेला होता.

ती बघत उभी राहिली. उद्या रविवार. ऑफिस बंद. परवा शेवटची तारीख, आणि नवा फॉर्म मिळवायचा तर अख्खी सकाळ रांगेत. तिला काहीच करायला नको होतं. फक्त निघून जायचं. आणि कुणी विचारलंच, तर विसरले ते.

खालून स्कूटरचा हॉर्न वाजला. तिनं फॉर्म उचलला, फाइलमध्ये घातला आणि जिना उतरली.

स्कूटर मल्लेश्वरमला आली. मग अण्णाच म्हणाले, मान न वळवता, "आमच्याकडे यंत्रावरचा माणूस स्वतःचा बिघडलेला तुकडा स्वतः लाल पेटीत टाकत नाही. माझ्यापर्यंत येऊ देतो. जमलं तर तो माझ्याही नजरेतून निसटतो."

"अण्णा, जागा गेली."

"बघितलं की. तिथंच होतो."

"मग सोमवारी…"

पुढे सिग्नल लाल झाला. स्कूटर थांबली. शेजारी रिक्षा, मागे बस. अण्णांनी शर्टाच्या खिशाला हात लावला नाही. आता लावतील, आता लावतील, असं तिला वाटत राहिलं. सिग्नलवर खिसा चाचपायची त्यांची जुनी सवय. शेवटी तिलाच राहवेना.

"फॉर्म माझ्याकडे आहे. तुम्ही बाकावर विसरला होता."

अण्णांनी अर्धवट वळून तिच्याकडे पाहिलं. निहारचं खरं धरलं, तर त्यांच्या लेखी तो फॉर्म महत्त्वाचा नव्हता. आणि तिचं खरं धरलं, तर… तिच्याकडे अजून धरण्यासारखं काही नव्हतंच.

"बावीस वर्षांत मी काही विसरून आलोय कुठं?" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"विसरलो नव्हतो गे. ठेवून आलो होतो."

मागच्या बसनं हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता. अण्णांनी गिअर टाकला. नीलिमानं फाइल छातीशी धरली.

"आता आणलायस तर असू दे," वाऱ्यावरून त्यांचा आवाज आला. "पाठकोरा आहे. ती तिसरी पायरी लिही त्याच्यावर, परत. मापात बसेल अशी."