तांदळातलं नाव

ऐका हं. दिल्लीत यमुनेपलीकडे मयूर विहार नावाची वस्ती आहे. तिथल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक कुमुदआजी राहतात. त्यांचा एक मुलगा अनुराग, एक सून उत्तरा आणि खाली तुतीच्या झाडाशी उभी असलेली एक पांढरी गाडी. ती गाडी म्हणजे मी.

माझा जन्म मानेसरच्या कारखान्यातला. नऊ वर्षांपूर्वी या घरी आले, तेव्हा आजींनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. माणसं गाडीला पहिल्या दिवशी लेकीसारखं ओवाळतात आणि महिनाभरात तिच्या पोटात रिकामी पाकिटं कोंबतात. इथेही तेच झालं, पण लाड उत्तरानं केले. अनुराग मेट्रोनं ऑफिसला जाणारा. मला चालवायची तीच. गिअर बदललेला मला कळायचासुद्धा नाही, असा तिचा हात!

गेल्या जानेवारीत ती आजींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होती. सकाळचं दाट धुकं. रस्त्यात ट्रॅक्टरची एक ट्रॉली उभी, मागे दिवा नाही. उत्तरानं करकचून ब्रेक दाबला, तरी माझं तोंड फुटलंच. पण हवेच्या उशा फुगवून मी त्या दोघींना ओरखडाही येऊ दिला नाही.

मला ओढत पटपडगंजच्या वर्कशॉपमध्ये नेलं. विमा होता, म्हणून सगळे निर्धास्त. आणि पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं: दावा नामंजूर. फॉर्मवर गाडी चालवणारीचं नाव उत्तरा, लायसन्स मात्र कुणा स्वरूपाचं. म्हणजे बिनलायसन्सची बाई चालवत होती आणि तुम्ही दुसरीचंच लायसन्स जोडलंत!

आता उत्तरा हीच माहेरची स्वरूपा. लायसन्स लग्नाआधीचं, अजून चालू असलेलं. लग्नात नाव बदललं, पुढे आधार कार्डावरही उत्तरा आलं, लायसन्स तेवढं राहून गेलं. अनुरागनं फॉर्म भरताना सवयीनं घरातलं नाव लिहिलं. सतरा वर्षं तेच तोंडात बसलेलं, त्याला तरी कुठून आठवणार?

मिस्त्री म्हणाला, "क्लेम नहीं मिला तो कबाड में दे दो, भाईसाहब. इतनी पुरानी गाडी पर जेब से इतना खर्चा कौन करे?"

अनुरागनं होकारार्थी मान हलवली. उत्तरा माझ्या दारावर हात ठेवून म्हणाली, "मला खोटारडी ठरवलं, आई."

"रडू नकोस. बोलाव त्या साहेबाला इथे," आजी म्हणाल्या.

"आई, त्यांनी पत्रात स्पष्ट लिहिलंय," अनुराग म्हणाला.

"मला वाचता येत नाही. तेव्हा ते पत्र मला लागू नाही!"

आजींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण एकदा पाहिलेलं विसरतील तर शपथ. त्यांनी अनुरागला कंपनीत तक्रार करायला लावली. मग फेरतपासणीला हरीश नावाचा अधिकारी वर्कशॉपमध्ये आला. आजी हजर, काखेत कापडी पिशवी.

"माताजी, दो नाम मतलब दो औरतें," हरीश म्हणाला.

"बेटा, हमारे में शादी में बहू का नाम बदलते. मैं मायके में द्वारका थी. एक दिन में कुमुद कर दिया. पूछा भी नहीं किसी ने!"

"तो गाडी उत्तरा चला रही थी या स्वरूपा?"

"दोनों! और मैं बाजू में बैठी थी, बेल्ट लगाके."

मग पिशवीतून लग्नाचा अल्बम निघाला. आजींनी न चाचपडता नेमकं पान उघडलं. कार्यालयाच्या दारावरचा फलक: 'स्वरूपा आणि अनुराग'. दोन पानं उलटली. ताटात तांदूळ पसरलेले, अनुराग अंगठीनं त्यात नाव लिहितोय: 'उत्तरा'. शेजारी तीच मुलगी, तीच नथ. हरीश दिल्लीचा, पण अक्षरं त्याच्या हिंदीचीच. तो एकदा फोटो बघे, एकदा लायसन्स.

"अच्छा, चावल पर! फिर वो चावल कहाँ हैं?"

"सत्रह साल हुए, खा गए. तुम्हारी कंपनी पूछेगी मालूम होता, तो रख देती."

हरीश खो खो हसला. म्हणाला, दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र द्या, सोबत लग्नपत्रिका जोडा. पत्रिका पिशवीत होतीच! तीन आठवड्यांत दावा मंजूर झाला.

बायांनो, तुमचीही दोन नावं असतील, तर कागद आजच सारखे करून घ्या. प्रत्येक गाडीच्या नशिबी कुमुदआजी नसतात.

नवं बॉनेट लावून मी तयार झाले, तशी तिघं न्यायला आली. उत्तरा दारापाशीच थबकली. त्या धुक्यानंतर तिनं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आजी पुढे येऊन बसल्या, बेल्ट ओढला आणि म्हणाल्या, "चल गं स्वरूपा, गाडी काढ."

या घरात त्या नावानं तिला कुणी पहिल्यांदाच हाक मारत होतं. ती हसली, डोळे पुसले आणि किल्ली फिरवली. मी पहिल्याच झटक्यात सुरू झाले आणि माझी माणसं घेऊन घरी आले.