एन्सिओ टायर बदलतो

एन्सिओ लाउतालाने जॅक गाडीखाली सरकवला, गुडघ्यांखालची जुनी सतरंजी सारखी केली आणि पुन्हा वाकून पाहिलं. अडुसष्टाव्या वर्षी तो आपल्या गाडीचं पोट पहिल्यांदाच बघत होता. जिकडेतिकडे गंज, नळ्या, उंचवटे. पुढे इंजिनाखाली मात्र एक सपाट, ऐसपैस जागा दिसली. जॅक टेकवायला याहून चांगली जागा कुठली असणार?

दहा पावलांवर सोसायटीचं वसंतातलं श्रमदान चाललं होतं. हिवाळ्यात बर्फावर टाकलेली खडी झाडून काढायची, पालापाचोळा उचलायचा आणि शेवटी सॉसेज भाजून खायचे. जन्मभर ट्रक चालवलेला रायमो खराट्यावर हनुवटी टेकवून एन्सिओकडे बघत होता. शेजारी सोसायटीची अध्यक्षीण आउलिक्की.

"अगंबाई, हा तिथेच लावतोय की काय?"

"दिसतंय तर तसंच."

"मग सांग ना त्याला!"

"त्याने कुठे विचारलंय? गाडी त्याची, जॅक त्याचा."

माणसं वाईट नव्हती हो. पण या गावात न विचारता सांगायला जाणं म्हणजे समोरच्याला बावळट ठरवणं, आणि विचारायला जाणं म्हणजे आपणच बावळट आहोत हे कबूल करणं. त्यामुळे आउलिक्कीही पुन्हा खडी झाडू लागली.

एन्सिओने पस्तीस वर्षं चर्चच्या कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या. टायर बदलायची त्याची बायको इर्या, शेतकऱ्याची लेक. वर्षातून दोनदा टायर गाडीत घालून दोघं तिच्या भावाच्या कोठारात जायची. ती बोल्ट पिळायची, हा थर्मास धरून उभा राहायचा. निघताना ती चाकाचं काळं याच्या बाह्यांना पुसायची. "असू दे. लोकांना दिसू दे," म्हणायची.

नोव्हेंबरात इर्याची उजवी बाजू गेली. आता ती साठ किलोमीटरवरच्या शुश्रूषागृहात होती. दर रविवारी एक वाजता एन्सिओ तिला जेवू घालायचा. इतर दिवशी नर्सच्या हातून खायची वेळ आली की ती भिंतीकडे तोंड फिरवायची, जेमतेम चार घास घ्यायची. रविवारी तिकडे बस नव्हती. बर्फासाठीचे खिळ्यांचे टायर वापरायची कायदेशीर मुदत सोमवारीच संपली होती, आणि गॅरेजवाल्याने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली होती. नियम मोडणं एन्सिओच्या रक्तात नव्हतं. म्हणून हा खटाटोप.

त्याने दांडा दाबला. गाडी तसूभर वर आली. आणखी एकदा दाबला. आतून कडकन आवाज आला, आणि काळं तेल भळाभळा वाहू लागलं.

मग मात्र सगळे धावले. अंगण सगळ्यांचं होतं ना! एकाने वाळूची बादली आणली, आउलिक्कीने मांजराच्या शी-शूच्या पेटीत घालायची ओल शोषणारी भुकटी आणली. पाच मिनिटांत तेल अडवलंसुद्धा. इतकी तत्पर मदत एन्सिओला आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

रायमो वाकून खाली बघत म्हणाला, "तेलाची टाकी फुटली. इथे नाही लावायचा जॅक."

"तू बघत होतास?"

"होतो की."

"मग?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल. इतकी वर्षं तूच तर बदलतोस."

एन्सिओने स्वतःच्या बाह्यांकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला. "मीच."

"एवढ्या जुन्या गाडीला आता कोण हात लावणार? भंगारात गेली समज." रायमो खराटा घेऊन वळला.

संध्याकाळी नर्सने इर्याच्या कानाला फोन धरला.

"जॅक कुठे लावलास?" तिची जीभ अजून जड होती.

"इंजिनाखाली. सपाट होतं."

"अरे मेल्या! कोणी बघत होतं?"

"सगळेच."

"विचारलं नाहीस ना कुणाला?"

"नाही."

"बरं केलंस." मग तिने विचारलं, "उद्या मला कोण भरवणार रे?"

"बघतो काहीतरी," एन्सिओ म्हणाला. त्याने फोन ठेवला.

रविवारी साडेअकराला कोट घालून, पिशवीत तिच्या आवडीचा वेलचीचा पाव घेऊन तो अंगणात उभा राहिला. रायमोची मुलगी शुश्रूषागृहाच्याच गावात राहत होती आणि रायमो दर रविवारी याच वेळेला तिच्याकडे जायचा. गाडी आली, एन्सिओजवळ हळू झाली, थांबली. काच खाली आली. शेजारची सीट रिकामी होती. रायमोने त्याच्या कोटाकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं.

"ऊन छान पडलंय," एन्सिओ म्हणाला.

"हो. छान आहे."

इंजिन चालू होतं. रायमो स्टिअरिंगवर बोटं वाजवत थांबला. एन्सिओने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"बरं, निघतो मग."

"हो, हो. सावकाश जा."

गाडी फाटकातून बाहेर पडली. एन्सिओ तिथल्याच बाकावर बसला, कोट तसाच अंगावर ठेवून. एक वाजता त्याने पिशवीतून पाव काढला, सहज गिळता येईल एवढा लहानसा तुकडा मोडला आणि तो दोन बोटांत धरून बसून राहिला.