वहिनीचं गिऱ्हाईक

आधीच सांगतो, मला भाषणं आवडत नाहीत. वहिनीला आवडतात. तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. बाही आखूड करता करता ती गिऱ्हाइकाला बाहेरून आलेल्यांचा कायदा कसा बदलायला हवा ते असं काही ऐकवते की नुसता कोट न्यायला आलेला माणूस निवेदनावर सही करून जातो. मी मागच्या खोलीत इस्त्री करत हसत असतो.

कायद्याचं दुखणं माझंच आहे, म्हणून मला हसायला परवडतं. आईवडील गेले तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. दादा-वहिनीनं मला इकडे आणलं, शाळेत घातलं, लहानाचं मोठं केलं. त्या दोघांचे या देशात राहायचे कागद पक्के झाले, माझे राहिले ते राहिलेच. का, तर इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि पोटची पोरं. दीर त्यात बसत नाही. बसणार कसा? इथल्या भाषेत दिराला धड शब्दही नाही. सापडलो तर मला परत धाडतील, आणि तिथे आता मला कुत्रंही विचारणार नाही.

नवा कायदा येऊ घातला होता. माणूस ज्या घरात वाढला, ते घर त्याचं कुटुंब धरावं, एवढंच त्यात म्हटलं होतं. त्यासाठी सभा ठरली आणि ज्यांच्या मतांवर कायदा होणार ती मंडळी ऐकायला येणार होती. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, नुसत्या सह्यांनी कुणी विरघळत नाही, एक तरी चेहरा उभा राहायला हवा. सभेत कुणाला हात लावणार नाहीत अशी हमी त्यांनी मिळवली होती. मी छाती ठोकून सांगितलं, मी राहतो उभा. वहिनी इतकी हरखली की माझा सदरा तिनं स्वतः इस्त्री केला. इस्त्रीवाला मी, आणि कॉलर तिनं पार चुरगाळून ठेवली.

सभेच्या दिवशीच सकाळी दुकानात तपासनीस आला. मी नेमका गल्ल्यापाशी, हातात एका गिऱ्हाइकाचा कोट. त्यानं मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, हा कोण, तुमच्याकडे कामाला आहे का? माझ्यासारख्याला कामाला ठेवलं तर दुकानाला टाळं लागतं आणि माझ्यासारख्याला गाडीत घालून नेतात. वहिनीच्या तोंडचं पाणी पळालेलं मला दिसलं.

"ओळखत नाही," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आहे." मग माझ्याकडे वळून इथल्या भाषेत म्हणाली, "झालाय तुमचा कोट, साहेब. घालून बघा."

आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशी त्या भाषेत बोलली. एरवी घरात त्या भाषेत ती शिवीसुद्धा देत नाही. आणि मी काय केलं? कोट चढवला, आरशात बघितलं, खांद्यात जरा आवळतोय म्हणून तक्रारही केली. आगाऊपणाची हद्द झाली. मग आभार मानून बाहेर पडलो. कोपरा वळल्यावर जीव भांड्यात पडला, आणि लगेच स्वतःचीच शरम वाटली. वहिनीचा राग यावा, निदान वाईट तरी वाटावं. मला नुसतं हायसं वाटत होतं.

तपासनीस गाडीत बसून दुकानावर नजर ठेवून होता, त्यामुळे परत जायची सोय नव्हती. दिवसभर परक्याच्या कोटात हिंडलो. त्याची डावी बाही कच्च्या टाक्यांवरच होती. हात हलवला की पांढरा दोरा दिसायचा, म्हणून हात खिशात घालून फिरलो.

संध्याकाळी सभागृहात गेलो. दादाची कामाची पाळी होती, तो येणार नव्हता. वहिनीनं पुढच्या रांगेत माझी जागा धरली होती. मी मुकाट्यानं मागे जाऊन बसलो, एका म्हाताऱ्या बाईशेजारी. ती विणकाम घेऊन आली होती.

वहिनी बोलायला उभी राहिली. नेहमीचं भाषण तिनं बाजूला ठेवलं आणि सकाळचं सगळं सांगितलं, स्वतःला जराही न वाचवता.

"ज्याला मी घास भरवले त्याला आज ओळखत नाही म्हणाले," ती म्हणाली. "मला माझी लाज वाटते. पण हे माझ्याकडून करवून घेणारा कायदा तुमचा आहे. थोडी तुम्हालाही वाटू द्या."

टाळ्या ओसरल्या. वकीलबाई उभ्या राहून मला शोधू लागल्या. पुढची मंडळीही वळून बघत होती. आता उठायचं होतं, एवढंच काम होतं माझं. हमी खरी होती, पकडणारं कुणी नव्हतं, हे मला पुरतं ठाऊक होतं. मी पायांना सांगत होतो, उठा. पाय ढिम्म. सकाळी गिऱ्हाईक होणं फार सोपं गेलं होतं आणि मला अजून गिऱ्हाईकच राहायचं होतं.

तेवढ्यात वहिनीला मी दिसलो. तिनं कोट ओळखला. मग ती माइकवरच आपल्या भाषेत बोलली, घरात बोलते त्याच आवाजात.

"बारक्या, नाही उठलास तरी चालेल. जेवण झाकून ठेवलंय."

बाकी कुणाला काही कळलं नाही. प्रार्थना वाटली असावी, पुढच्या एकानं मान लववली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती रागावली असती तर कदाचित उठलोही असतो. वकीलबाई खाली बसल्या. पुढची मंडळी आपापली दप्तरं आवरायला लागली.

शेजारची बाई डोळे पुसत माझ्याकडे वळली. "शेवटी काय म्हणाल्या हो त्या?"

"मला ती भाषा येत नाही," मी म्हणालो. "मी त्यांचं गिऱ्हाईक आहे."

तिनं मान डोलावली. विणकाम पिशवीत घालता घालता तिचं लक्ष माझ्या बाहीकडे गेलं आणि तिनं दोन बोटांनी पांढरा दोरा चाचपून पाहिला.

"अहो, ही नुसती टाचलीय," ती म्हणाली. "परत जा त्यांच्याकडे. देतील करून. ओळखत असतीलच की तुम्हाला."