काटा थोरलीचा, गाभा धाकटीचा

आमच्या प्रयोगशाळेतला मोठा फ्रीजर उणे ऐंशीवर गपगार बसलेला असायचा. पण धाकटी जळफळत समोरून गेली की त्याचा आकडा एका अंशाने चढायचा. फ्रीजर दुरुस्त करणारा मीच, तेव्हा शंका घ्यायचं काम नाही.

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. घर एक, स्कूटर एक, कोरोना विषाणूही एकच. थोरलीकडे अभ्यासाला त्याच्या अंगावरचा काटा, म्हणजे स्पाइक प्रथिन. त्यानेच तो आपल्या पेशीला चिकटतो, म्हणून थोरलीची लसही काट्याचीच. धाकटीकडे गाभ्यातलं प्रथिन. विषाणूची आरएनएची दोरी ते आत गुंडाळून धरतं. पण आतलं कोण बघतंय? फोटो काट्याचे, टाळ्या काट्याला! दारात काट्याचा स्पंजचा पुतळा होता. धाकटी येता-जाता त्याला कोपर हाणायची.

त्यातच प्रयोगशाळेचे साहेब धाकटीला म्हणाले, "तुमची खोली आता लशीच्या कामाला लागेल. गाभा जरा बाजूला ठेवू."

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अगं, वाईट काय वाटून घेतेस?" थोरली म्हणाली. "माझ्याकडे ये, नळ्या धुवायला माणूस हवंच आहे. लस घेतल्यापासून विषाणू मला शिवलासुद्धा नाही, बघ."

"शिवला नाही? हात पुढे करा, जाऊबाई."

थोरलीची लस शरीराला फक्त काटा दाखवते. गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडं मात्र खरा विषाणू अंगात येऊन गेला तरच तयार होतात. धाकटीची चाचणी नेमकी तीच पकडायची. चाचणीच्या ताटलीतला खळगा पिवळा झाला की चोरी उघड. एका खळग्यात थोरलीचं रक्तद्रव, दुसऱ्यात साथीच्या आधीपासून जपलेलं. तिसऱ्यात, अगदी स्वच्छ माणसाचं म्हणून, धाकटीने मोठ्या ऐटीत स्वतःचं घातलं.

जुना खळगा पांढराच राहिला. थोरलीचा पिवळा झाला.

"शिवला!" धाकटी टाळी वाजवून ओरडली.

"आणि हा गं कुणाचा?" थोरलीने तिसऱ्यावर बोट ठेवलं. तोही पिवळा!

"तुम्हीच आणला असणार घरात."

"मी? शिंकत कोण होतं?"

"ती धूळ होती!"

साहेब मात्र खूश. "दोघींनी लस घेतलेली, दोघींना होऊन गेला आणि दोघी ठणठणीत! लस काम करतेय. पण हे गाभ्यावाचून कळलं असतं का? लस टोचलेल्या प्रत्येक स्वयंसेवकाचं रक्त आता इथेच तपासायचं. खोली तुमचीच."

खोली वाचली. साहेब गेले, थोरलीनेही "चल, चहा पाजते" म्हटलं. धाकटी उठली, पण दारातून मागे फिरली आणि ते खळगे पुन्हा उजेडात धरून बघत बसली.

"काय झालं गं?"

"तुमचा पिवळा माझ्यापेक्षा गडद कसा?"

पलीकडे फ्रीजरची घंटा वाजायला लागली. मी निमूटपणे पाना घेऊन उठलो.