तपकिरी बाटलीतले पिवळे थेंब

मित्रांनो, मी औषधाची एक जुनी, तपकिरी बाटली. उंची बोटभर, पण एके काळी ऐट केवढी! माझी काच गडद, कारण आतल्या जीवनसत्त्वांना उजेड सोसत नाही. कारखान्यात थेंब भरून मला बूच लावलं, तेव्हा वाटलं, आता कुणाच्या तरी कामी येणार.

बोईसरच्या एका दवाखान्यातून मी सहा वर्षांच्या नवसीच्या घरी आले. तिची पित्ताची नळी अरुंद होती. पित्त आतड्यात नीट उतरलं नाही, की तेलातुपात विरघळणारी जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. डोळ्यांना लागणारं ‘अ’ आणि शरीराची झीज रोखणारं ‘ई’ तिच्या रक्तात फार कमी निघाली होती. “रोज सकाळी थेंब द्या,” एवढंच सांगून सिस्टरने पुढच्या पेशंटला हाक मारली.

सरावली गावातल्या खोलीत नवसीच्या आईने, बायडीने, एक थेंब बोटावर घेतला. पिवळा आणि तेलकट! लेकीचे डोळे पिवळे झाल्यापासून तिने घरात तेल बंद केलं होतं. पपई, भोपळा, हळदसुद्धा. पिवळं खाल्लं की कावीळ वाढते, असं ती लहानपणापासून ऐकत आलेली.

“पिवळा हाय, वर त्याल हाय. नाय देयाचा,” म्हणत तिने मला फळीवर ठेवलं. माझा नुसता जळफळाट झाला. पण बाटलीचं तोंड दुसऱ्याने उघडायचं असतं.

फळीवरून मी सगळं पाहत होते. दिवस मावळला की नवसी उंबऱ्याला अडखळू लागली, ताटातली भाकर चाचपू लागली. पुढे डोळे कोरडे पडले आणि एका डोळ्यात पांढरा डाग आला. बायडी तिला उचलून दवाखान्यात धावली. मलाही पिशवीत टाकलं.

डॉक्टरांनी मला हलवून पाहिलं. “ताई, ही तर भरलेलीच आहे!”

“काविळीत पिवळा कसा देऊ? ह्याचा काय काम हाय, ता तुमी सांगलाच नाय,” बायडी म्हणाली. सिस्टरने मान खाली घातली.

पिवळ्याने कावीळ वाढत नाही, उलट हे थेंब डोळ्यांसाठीच आहेत, असं डॉक्टरांनी बायडीला समजावलं. मग थेंब सुरू झाले. एका डोळ्याने नवसीला संध्याकाळीही दिसू लागलं; डागाचा डोळा मात्र गेला तो गेलाच. मी कधीच रिकामी झाले, तरी बायडी मला टाकत नाही. हातात घेऊन रडते. आता मला तिचा राग येत नाही. लेकीला जपायचं म्हणूनच तिने मला दूर ठेवलं होतं.

मित्रांनो, औषध घरी नेताना ते कशासाठी आहे, हे विचारा. आणि देणाऱ्यांनो, कुणी विचारलं नाही तरी सांगा. मी माझे थेंब उजेडापासून जपत बसले, आणि माझ्यादेखत नवसीच्या डोळ्यातला उजेड गेला.